इलारी, दार लाव

करकोच्यांचं त्या हिवाळ्यात नेमकं काय बिनसलं होतं, हे कुर्किलाह्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तरीही प्रत्येकाला ते सांगायचं होतं. बंद पडलेल्या कागद गिरणीसमोरच्या कॉफीच्या दुकानात हाच विषय, चर्चच्या पायऱ्यांवर हाच विषय. गोठलेल्या समुद्राला भोक पाडून गळ टाकून बसणारे म्हातारे एरवी दिवसभरात एक शब्द बोलत नाहीत, पण त्यांनाही यंदा कंठ फुटला होता. करकोचे म्हणजे गावाचा आइस हॉकीचा संघ. एका शनिवारी ते असे खेळायचे की गाव त्यांना डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्याच मंगळवारी असा मार खायचे की तोंड दाखवायला जागा उरू नये. अव्वल नंबरच्या संघाला त्यांनी त्याच्या घरी जाऊन लोळवलं. परतले, आणि तळाच्या संघाकडून स्वतःच्या बर्फावर सात गोल खाल्ले. दोन पावलं वर, तीन खाली, असं करत फेब्रुवारी संपेपर्यंत संघ लीगमधून बाहेर फेकला जायच्या काठावर येऊन उभा राहिला.

गावाला दोषी मात्र केव्हाच सापडला होता. त्याचं नाव इलारी कोर्पेला.

इलारी डावीकडचा बचावपटू. गोलकीपरच्या डाव्या हाताची बाजू सांभाळायची, तिकडून कुणी या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती घेऊन घुसला तर त्याला अडवायचं, हे त्याचं काम. आणि यंदा बहुतेक सगळे गोल झाले होते ते त्याच बाजूने. समोरच्या संघाकडे त्या बाजूला तेज गडी असला की करकोचे मेलेच म्हणून समजा. नसला तर जिंकायचे. हे कळायला काही मोठी अक्कल लागत नव्हती आणि जी लागत होती ती मार्केत्ताकडे भरपूर होती.

मार्केत्ता गिरणीतून निवृत्त झालेली, साठी उलटलेली, गोलच्या मागच्या काचेला लागून कायमची जागा असलेली बाई. यंत्रांच्या खडखडाटावर मात करत तिनं उभी हयात काढली होती, त्यामुळं तिला हळू बोलताच यायचं नाही. डावीकडून गोल झाला की तिचा आवाज छताला जाऊन भिडायचा:

"इलारी, दार लाव रे मेल्या! थंडी आत येतेय!"

पहिल्यांदा लोक हसले. मग सगळेच तसं ओरडायला लागले. मग दुकानातली पोरगी पाव देताना, पेट्रोल भरणारा पेट्रोल भरताना, "काय इलारी, दार लावून आलास ना?" असं विचारायला लागले. इलारी कसनुसं हसायचा. याच गावात जन्मला, बाप याच गिरणीत राबला, तेहतीस वर्षांचा झाला तरी बर्फावर उभं राहण्याशिवाय दुसरं काही शिकला नव्हता. गाव सोडून जाईल कुठं, आणि गावात राहील तर काय तोंडानं? रात्री त्याला झोप लागायची नाही. आपलं कुठं चुकतं हे तो डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघायचा आणि त्याला ते दिसायचं नाही.

आता कुणी म्हणेल, गोल अडवायचं काम गोलकीपरचं, मग त्याला कुणी का बोलत नव्हतं? कारण गोलमध्ये साम्पो उभा होता.

साम्पो रातिकाइनेन म्हणजे करकोच्यांचं दैवत. त्याचा डावा पंजा, म्हणजे झेल घ्यायचा जाड हातमोजा, हवेतून चकती अशी उचलायचा की मारणाऱ्याला आपण मारली होती की नाही असा संशय यावा. त्या पंजाजवळून गोल झाला तर तो पंजाचा दोष असेल, हे कुर्किलाह्तीत कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आणि तो इलारीचा जिवाभावाचा दोस्त. दोघं एकाच मोसमात संघात आले होते, एकमेकांच्या लग्नात साक्षीला उभे राहिले होते, त्यातलं साम्पोचं लग्न मोडलं तेव्हा तो काही दिवस इलारीच्याच घरी राहायला आला होता. दर वर्षी जूनच्या अखेरीस, सूर्य मावळायचं विसरतो त्या दिवसांत, साम्पो इलारीच्या तळ्याकाठच्या झोपडीवर मुक्काम ठोकायचा. गेल्या जूनमध्येही गेला होता. बिअर झाली, सौनात वाफ घेऊन झाली, तळ्यात उड्या झाल्या, आणि मग या वयात सुचू नये ते दोघांना सुचलं. साम्पो चड्डीवर, हातात नुसता पंजा घालून लाकडाच्या कोठीच्या दारात उभा राहिला आणि इलारी प्लायवूडच्या फळीवरून चकत्या मारायला लागला. शेवटचा फटका त्यानं जीव ओतून मारला. चकती दाराच्या चौकटीवर आपटून साम्पोच्या भुवईवर बसली. इलारीच्या बायकोनं, साइलानं, आतून गोठलेल्या मटारची पिशवी आणून दिली. साम्पोनं एका हातानं ती डोळ्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं सॉसेज खाल्लं. दुसऱ्या दिवशी डोळा वांग्यासारखा झाला होता, त्यावर सगळे पोट धरून हसले. हॉकीवाले असल्या प्रकाराला दुखापत म्हणत नाहीत.

तशी ते कशालाच दुखापत म्हणत नाहीत. या खेळाची रीतच ती. खेळाडू दुखण्यानं बसला तर पेपरात छापून येतं ते एवढंच, दुखणं कमरेच्या वर किंवा कमरेच्या खाली. त्याहून जास्त सांगितलं की समोरचा संघ नेमका त्याच जागी घाव घालतो. म्हणून आपलं दुखणं आपण गिळायचं, आणि सोबत्याचं कळलं असेल तर तेही आपणच गिळायचं. सोबत्याचं दुखणं बाहेर बोलणारा माणूस त्या कपडे बदलायच्या खोलीत चोरापेक्षा हलका.

हाच साम्पो हल्ली इलारीकडे बघत नव्हता.

शरद ऋतूत त्याची गाडी बिघडली होती म्हणे, ती अजून दुरुस्त झाली नव्हती. रोज सकाळी इलारी त्याला सरावाला घेऊन जायचा. तिकडच्या गाड्यांत चालवणारा डावीकडे बसतो; त्याच्या उजव्या हाताला बसून साम्पो बोलायचा, विनोदही करायचा, पण नजर समोरच्या रस्त्यावर. पूर्वी बोलताना मान वळवून, खांद्यावर थाप मारून बोलणारा माणूस आता काचेकडे बघत बोलतो, म्हणजे काय ते इलारीला कळत होतं. दार मीच उघडं ठेवतोय असं यालाही वाटतं. तोंडानं म्हणत नाही एवढंच. वर सॉसेजचा शेवटचा तुकडा माझ्या ताटात सरकवतो, कॉफी मला आधी ओततो. कीव करतोय साला.

शुक्रवारी सरावानंतर कोचनं इलारीला बोलावलं. कालेवी लुओमा हा आवाज न चढवणारा माणूस होता आणि ते चढवण्यापेक्षा वाईट होतं. त्यानं पडद्यावर एकामागून एक गोल दाखवले. डावीकडून, डावीकडून, पुन्हा डावीकडून.

"पुढच्या शनिवारी शेवटचा सामना," कोच म्हणाला. "जिंकलो तर राहू, हरलो तर खालच्या लीगमध्ये. इलारी, मला सांग, काही आहे का? गुडघा? कंबर? घरी काही?"

"नाही."

"सोमवारी नावं ठरवायची आहेत. त्याआधी काही सुचलं तर ये. नाहीतर तुझ्या जागी मी त्या नव्या पोराला, ओत्सोला घेतो. तू वर प्रेक्षकांत बसशील."

"आणि उन्हाळ्यात?"

कोचनं पडदा बंद केला. "उन्हाळ्यात दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे कुठं? गावाच्या बाहेरही आता त्याला दार म्हणूनच ओळखत होते.

तसाच सुन्न होऊन तो सौनात शिरला. शुक्रवारचा सौना कुणी चुकवत नाही. संघ तिथंच जुळतो. साम्पोची जागा ठरलेली होती, वरच्या फळीवर डावीकडचा कोपरा, खांदा भिंतीला टेकवून. यंदा त्यानं तो कोपरा सोडला म्हणून नव्हता. पण त्या दिवशी संघाला सॉसेज पुरवणारा खाटीक पाहुणा म्हणून आला होता आणि हा लठ्ठ मनुष्य नेमका त्या कोपऱ्यात जाऊन बसला. पाहुण्याला ऊठ कसं म्हणणार? साम्पो मधे बसला आणि त्याच्या डावीकडे इलारी. थोड्या वेळानं खाटीक लालबुंद होऊन बाहेर पळाला, बाकीचे अंग निववायला त्याच्यामागून बर्फात गेले आणि वर दोघंच उरले.

तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचा मान साम्पोचा. इलारीनं बादलीतून पळी भरली आणि त्याच्यापुढे धरली. म्हणजे पुढे नव्हे, बाजूला, खांद्याजवळ.

साम्पोनं घेतली नाही.

इलारीनं थोडा वेळ वाट बघितली. पळी तशीच धरून. माणूस ढिम्म. म्हणजे आता माझ्या हातची पळीसुद्धा नको? इतक्यापर्यंत गेलं? सगळ्या हिवाळ्याचा संताप त्याच्या मनगटात उतरला. त्यानं पाणी फेकून दिलं आणि रिकामी लाकडी पळी उगारून साम्पोच्या कानशिलावर आणली. मारायची नव्हती. दचकवायची होती. पापणीजवळ आणून थांबवली.

पापणी हलली नाही.

दुसरा कुणी असता तर गोष्ट वेगळी. पण हा गोलकीपर होता. माशी आडवी गेली तरी ज्याचा हात उठतो असा माणूस. इलारीनं पळी हळूच पुढे-मागे हलवली. साम्पो समोर बघत स्वस्थ घाम गाळत होता. मग म्हणाला, "पाणी टाकतोस का रे? की मी टाकू?"

एवढ्या उकाड्यात इलारीच्या अंगावर काटा आला. त्यानं काहीतरी पुटपुटत पाणी टाकलं. वाफेचा लोट उठला, आणि त्या वाफेत तो तोंडावर हात धरून बसून राहिला.

दोन दिवस त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी नेहमीसारखं साम्पोला गाडीत घेतलं, हॉकीच्या हॉलमागं नेऊन गाडी उभी केली आणि हीटर चालू ठेवला.

"माझ्याकडे बघ."

साम्पोनं मान वळवली. अख्खी, खांद्यासकट, पार उजवा डोळा इलारीवर येईपर्यंत.

"डावा डोळा कधी गेला?"

साम्पो गोंधळल्यासारखा हसला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दिसत नाही ना तुला?"

"नाही. पण तू मला विचारतोयस?"

"मग कुणाला विचारू, मार्केत्ताला?"

"अरे पण तुला माहीत आहे ना!"

इलारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. साम्पो थट्टा करत नव्हता.

"सबंध हंगाम तू डावीकडे सरकून खेळतोयस," साम्पो म्हणाला. "माझ्या अंगावर येणारे फटके मधे पडून घेतोयस. गाव तुला नाही नाही ते बोललं आणि तुझ्या तोंडून अवाक्षर नाही निघालं. मी घरी एकटा बसून म्हणायचो, हा माणूस आहे की कोण आहे! माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं रे. सख्ख्या भावानं केलं नसतं."

"अरे गाढवा!" इलारीचा आवाज फाटला. "मी डावीकडे सरकत होतो कारण गोल डावीकडून होत होते! आणि गप्प होतो कारण चूक माझी आहे असं वाटत होतं मला! रात्र रात्र जागलो मी! तू नुसता एक शब्द बोलला असतास..."

"दोघांना माहीत असलेलं बोलायचं कशाला?"

"दोघांना नव्हतं माहीत!"

साम्पोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं. आपण सगळा हिवाळा ज्या गोष्टीच्या आधारावर उभे होतो ती गोष्ट नव्हतीच, हे त्याला आता कळत होतं. 

"पण मटार..." तो शेवटी म्हणाला.

"कसले मटार?"

"जूनमधले. तुझ्या झोपडीवरचे."

इलारीला आधी काही समजलंच नाही. मग समजलं.

"आधी नुसत्या ठिणग्या दिसायच्या," साम्पो सांगत होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "हंगामाआधीच्या तपासणीत सगळं ठीक आलं. मग बाजूनं काळं सरकत आलं, कुणी पडदा ओढावा तसं. ऑक्टोबरात लांबच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या आतलं दृष्टिपटल सुटलंय, माराचं आहे, लगेच आला असतास तर चिकटवता आलं असतं. मला वाटलं, इलारीला कळलंय. ती चकती त्याची होती हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो भरून देतोय. म्हणून तर मी काही बोललो नाही. म्हटलं, भरून देणाऱ्याला कशाला लाजवायचं."

हीटर घरघरत होता. इलारीचे हात स्टिअरिंगवर होते आणि ते आपले नाहीत असं त्याला वाटत होतं. सबंध हिवाळा तो आपली चूक शोधत होता. सापडली होती. बर्फावर नव्हतीच ती, कोठीच्या दारात होती, आणि तिच्यावर आपण पोट धरून हसलो होतो.

"आज इस्पितळात चल," तो म्हणाला.

"शनिवार झाल्यावर."

"साम्पो, उजव्याला काही झालं तर?"

"शनिवार झाल्यावर येतो. शब्द देतो. संघ वर राहू दे, मग मी बसतो. एवढं दे मला."

शहाण्या माणसानं त्याला त्याच क्षणी मानगूट धरून इस्पितळात नेलं असतं. पण हे शहाणे नव्हते, हॉकीवाले होते. इलारी कोचच्या खोलीत गेला. कोचनं विचारलं, "काही सुचलं?" इलारीच्या जिभेवर सगळं होतं. बोलला असता तर त्याची जागा वाचली असती, नाव वाचलं असतं, उद्यापासून दुकानातल्या पोरीनं त्याची माफी मागितली असती. पण ज्याचा डोळा आपण घालवला त्याचंच नाव सांगून आपली कातडी वाचवायची? त्याला ते जमेना.

"नाही," तो म्हणाला. "ओत्सोला घ्या."

शनिवारी हॉल माणसांनी फुटायला आला होता. वर बसणाऱ्या खेळाडूसाठी एकच खुर्ची रिकामी उरली होती, आणि ती का उरली होती हे तिथं गेल्यावर इलारीला कळलं. ती मार्केत्ताच्या शेजारी होती, गोलमागच्या काचेला लागून, साम्पोच्या डाव्या अंगाला.

"ये बाबा, बस," मार्केत्ता सरकत म्हणाली. सॉसेजवर मोहरीची चटणी फासत तिनं त्याला नीट न्याहाळलं. "वाळलायस. मनाला लावून घेऊ नकोस हां. आमचं तोंडच तसलं."

"तुमचं बरोबरच आहे, मार्केत्ता."

"तुझी बाजू आज ते पोरगं सांभाळणार म्हणे. बघू."

समोरच्या, वूओरिन्येमीच्या संघाकडे उजव्या बाजूला एक लांबटांग्या गडी होता. सुरुवातीलाच तो ओत्सोला वळसा घालून आत आला आणि त्यानं चकती साम्पोच्या कानाजवळून जाळ्यात घातली. साम्पो जागचा हललासुद्धा नाही.

मार्केत्ता सवयीनं ताडकन उठली, छाती भरून घेतली आणि ओरडली, "इलारी, दार ला..."

आणि थांबली. मान खाली करून तिनं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

"तू तर इथं आहेस," ती म्हणाली.

 मार्केत्ता हळूच खाली बसली. करकोच्यांनी एक गोल फेडला, हॉल दणाणला, ती टाळ्या वाजवायला विसरली. ती आता चकतीकडे बघत नव्हती, साम्पोकडे बघत होती. दुसरा गोल झाला, तिथूनच. तोही करकोच्यांनी फेडला. मार्केत्तानं इलारीची बाही धरली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली.

"त्यानं मान वळवलीच नाही रे. ओत्सो बाजूला झाला, चकती उघडी दिसत होती. मला या चष्म्यातून दिसली. त्याला कशी नाही दिसली?"

"गर्दी होती."

"गर्दी नव्हती."

शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा दोघंही जीव मुठीत धरून बसले होते. आणि मग गोलपुढं धुमश्चक्री झाली. चार-पाच जण एकमेकांवर पडले, कुणाचातरी कोपर साम्पोच्या हनुवटीखाली लागला आणि त्याचा मुखवटा उडून बर्फावर घरंगळत गेला. पंच शिट्टी तोंडाकडे नेत होता. तेवढ्यात चकती त्या गर्दीतून निसटून डावीकडे गेली, लांबटांग्याच्या पुढ्यात. त्यानं स्टिक मागं उचलली. साम्पो उघड्या चेहऱ्यानं उजवीकडे चकती शोधत होता.

उघडं तोंड. हातात पंजा. आणि डावीकडून येणारा फटका.

इलारीला आपण उठलो कधी हे कळलं नाही. दोन्ही मुठी काचेवर आपटत तो किंचाळला, "साम्पो! डावीकडे! तोंड झाक! तोंड झाक!"

तो आवाज साम्पोच्या हाडात मुरलेला होता. त्यानं विचार केला नाही, पंजात तोंड खुपसून तो गुडघ्यांवर कोसळला. चकती त्याच्या डोक्याच्या जरा वरून, केस हलवून गेली आणि गोलच्या आडव्या दांड्यावर ठाणकन आपटली. मग शिट्टी वाजली.

ती शिट्टी विरल्यावर त्या हॉलमध्ये जी शांतता पसरली तशी कुर्किलाह्तीत कुणी ऐकली नव्हती. सगळ्यांनी ते ओरडणं ऐकलं होतं. समोरच्या संघानं, कोचनं, पंचानं. डावीकडे, असं गोलकीपरला सांगावं का लागतं?

साम्पो उठला. आवाज कुठून आला ते बघायला त्यानं उजव्या खांद्यावरून मागं मान वळवली. इलारी काचेपलीकडे हातभर अंतरावर उभा होता, त्याच्या डावीकडे, मुठी अजून काचेवरच. साम्पोची नजर त्याच्या अलीकडेच फिरत राहिली. काचेवरून, खुर्च्यांवरून, पुन्हा काचेवरून. शोधत होती, आणि तिथंच उभा असलेला इलारी तिला सापडत नव्हता. मागच्या सगळ्या रांगांनी ते पाहिलं. कुणीतरी "देवा रे" म्हणालं. एका बाईनं तोंडाला हात लावला. सबंध हिवाळा दार लाव म्हणून ओरडलेली माणसं एकमेकांकडेही बघेनात.

साम्पोनं मुखवटा उचलला, पण घातला नाही. तो बाकाकडे गेला, कोचच्या कानाशी काहीतरी बोलला आणि बसला. कोच लुओमानं मान वर करून थेट गोलमागच्या काचेकडे पाहिलं. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. मग त्यानं राखीव गोलकीपरला खूण केली.

करकोचे एका गोलानं हरले आणि लीगमधून गेले. एरवी या हॉलमध्ये लोक रडले असते, खुर्च्या तुटल्या असत्या. त्या दिवशी माणसं टोप्या हातात धरून निमूट बाहेर पडली.

इलारीनं गाडी मागच्या दारापाशी आणून लावली. साम्पो बाहेर आला, खांद्याला पिशवी, केस ओले. बर्फ भुरभुरत होता. गाडीपाशी मार्केत्ता उभी होती, गळ्यात करकोच्यांचा मफलर, नाक लाल.

"इस्पितळात?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुला माहीत होतं." ती इलारीला म्हणाली. "माहीत होतं आणि आमच्या शिव्या खाल्ल्यास. अरे, सांगायचं होतंस रे! मी तुला काय काय बोलले. एवढा मोठेपणा कशाला केलास?"

इलारीला वाटलं, नुसती मान हलवावी. उद्या सकाळपर्यंत ही बाई गावभर सांगेल, आणि मग दुकानातली पोरगी, पेट्रोलवाला, कोच, सगळे त्याला खांद्यावर घेतील. बोलायची गरजच नव्हती. पण न बोलण्यानं एक डोळा गेला होता.

"मोठेपणा नाही," तो म्हणाला. "मला सोमवारी कळलं. आणि तो डोळा माझ्याच फटक्यानं गेलाय, मार्केत्ता. जूनमध्ये. आम्ही हसलो होतो."

मार्केत्ताचं तोंड उघडलं. त्यातून काहीच आलं नाही. गिरणीच्या यंत्रांना न हरलेला आवाज होता तो. तिनं इलारीकडे बघितलं, मग साम्पोकडे. साम्पो दाराची कड हातानं चाचपत गाडीत बसत होता. डावीकडे इलारी बसल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं अख्खी मान वळवली, खांद्यासकट, आणि उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"निघू या?" तो म्हणाला.

इलारीनं वाकून त्याच्या बाजूचं दार ओढायला हात लांब केला. पण मार्केत्ता आधीच पुढं झाली होती.

"राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "दार मी लावते."